ऐंशी मिनिटं पुढे

आमच्या मधल्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. घरी नवीन कुणी आलं की हटकून सांगतं, "वहिनी, तुमचं घड्याळ पुढे आहे हं." मी म्हणते, "असू दे." घड्याळजीच्या घरात घड्याळ चुकीचं, म्हणून माणसं गालातल्या गालात हसतात. खुलासा करायला माझी ना नाही, पण ती काही उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नव्हे. म्हणून लिहून ठेवते.

देवापुढे दिवा लावून झाला की वहीत चार ओळी लिहायची माझी जुनी सवय आहे. काय शिजवलं, कोण आलं, कुणासाठी प्रार्थना केली, एवढंच असतं त्यात. पण त्या वर्षीच्या वहीत सतरा पानं नुसत्या एका दिवसाच्या सहलीची आहेत, आणि त्या सतरा पानांत मामंजी जेवढे सापडतात तेवढे इतर सगळ्या वह्यांत मिळून सापडत नाहीत.

मामंजी म्हणजे माझे सासरे. शेहेचाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली एक फट. आत एक उंच स्टूल, काचेचं कपाट, वर लोंबणारा दिवा. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहायचं. डोळ्याला भिंग लावून लावून मामंजींच्या उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ कायमचा उमटला होता. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, हे माझ्याकडे सारखं एका डोळ्याने निरखून का बघतात? पुढे कळलं, ते सगळ्यांकडेच तसं बघत. माणूस आत कुठे अडकलाय, याचा अंदाज घेत असावेत.

त्यांचा एक नियम होता. घड्याळाला खोटं बोलायला लावायचं नाही. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "जरा पाच मिनिटं पुढे लावून द्या हो, उशीर होतो ऑफिसला," तर मामंजी घड्याळ तसंच परत त्याच्या हातात ठेवत. "स्वतःला फसवायचं तर घरी बसून फसवा. माझ्या हातून नको." दोन-चार गिऱ्हाइकं त्यापायी कायमची तुटली. सासूबाई म्हणायच्या, "लोकांची घड्याळं काट्यावर, आणि मला दिलेलं वचन एक्केचाळीस वर्षं मागे!"

ते वचन म्हणजेच ही सहल.

आमच्या शहरापासून पावणेदोन तासांवर एक डोंगर आहे. डोंगरात फार फार जुनं, दगडात कोरलेलं एक दालन आहे. कुणी कोरलं, कशासाठी कोरलं, यावर शिकलेली माणसं अजून भांडतात. वर्षातले पाचच दिवस सकाळी दहा वाजून आठ मिनिटांनी नव्हे, आठ वाजून दहा मिनिटांनी (हे मी लेकीच्या सांगण्यावरून खोडून परत लिहिलंय) सूर्याचा एक कवडसा त्या दालनाच्या अरुंद दारातून आत शिरतो, थेट मागच्या भिंतीपर्यंत जातो, आणि तिथे कोरलेल्या एका उघड्या तळहातावर टेकतो. पाच-सहा मिनिटं राहतो आणि जातो. घरात आम्ही त्या जागेला 'उजेडाची खोली' म्हणायचो.

मामंजी नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील त्यांना तिथे घेऊन गेले होते. तेही घड्याळजीच. बोट धरून पायऱ्या चढवल्या, खिशातलं घड्याळ काढून बघितलं, म्हणाले, "आठला दोन कमी. बस इथे, श्वास घे." आणि दोघं आत गेले तेव्हा कवडसा जाऊन पाच मिनिटं झाली होती. वडिलांचं स्वतःचं घड्याळ मागे पडलं होतं. "त्या दिवशी मी आमच्या बापाला पहिल्यांदा लहान झालेलं बघितलं," असं मामंजी एकदाच मला म्हणाले होते. तो नियम तिथून आलेला.

लग्न झाल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "तुला तो उजेड दाखवीन." मग दरवर्षी बेत व्हायचा आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. दुकान, बाळंतपण, पाऊस, कुणाचं आजारपण. आणि एका वर्षी मामंजींच्या हाताला कंप सुटला. आधी बारीक, मग चहाचा कप बशीत वाजण्याइतका. केसाएवढं चक्र चिमट्यात धरायचं म्हणजे हात दगडासारखा लागतो. त्यांनी दुकानाचं दार ओढलं ते ओढलंच. न्यायला न आलेली अठरा घड्याळं पेटीत भरून घरी आणली, मधल्या खोलीत लावली आणि गप्प झाले. अठराही आपापली वेळ दाखवायची. खोलीत बसलं की वाटायचं, झाडावर पाखरं बसलीत आणि प्रत्येक जण वेगळीच गोष्ट सांगतोय. त्यांच्यामध्ये घराचं असं एकच घड्याळ होतं, लंबकाचं, भिंतीवरचं. फक्त तेच खरं.

दुकान बंद झाल्याच्या पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात बोटभर बातमी आली. उजेडाची खोली डागडुजीसाठी बंद होणार, पुढच्या महिन्यापासून, पुढील सूचना मिळेपर्यंत. मामंजींनी ती भिंग लावून वाचली. मग म्हणाले, "पुढील सूचना म्हणजे माझ्यानंतर."

कवडशाच्या पाच दिवसांत एकच रविवार येत होता. यांना (म्हणजे माझ्या नवऱ्याला) सुट्टी रविवारचीच. म्हणजे जायचं तर त्या रविवारी, नाहीतर कधीच नाही.

त्या दिवसापासून मामंजी बोलायला लागले.

बेत आखायची त्यांची रीत दुकानातलीच. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला दोऱ्याने बांधायच्या चिठ्ठ्या असतात ना, बोटाच्या पेराएवढ्या, त्यांचे गठ्ठे घरी होते. एका चिठ्ठीवर एकच काम, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. अक्षर थरथरलेलं, पण टिकटिक ते वाचून दाखवायची. टिकटिक म्हणजे माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. जन्मली तेव्हापासून तोंड बंद नाही, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. ती झोपावी म्हणून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचे ठोकेही बंद केले होते. घड्याळ गप्प बसलं, ही मात्र बसली नाही.

खिडकीपासून कपाटापर्यंत एक दोरी बांधली आणि तिच्यावर चिठ्ठ्या ओळीने टांगल्या. 'उठणे, साडेचार.' 'चहा.' 'पाण्याच्या बाटल्या भरणे.' 'पाव-लोणी, उकडलेले बटाटे, मिठाची पुडी.' 'घर सोडणे, पाच पंचवीस.' 'थांब्यावर, पाच चाळीस.' 'पहिली बस, सहा.' 'डोंगर, पावणेआठ.' 'पायऱ्या, वीस मिनिटं.' जे काम होईल त्याची चिठ्ठी काढायची.

"आणि माझ्या गुडघ्यांची चिठ्ठी कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"पायऱ्यांच्या वीस मिनिटांत धरलेत."

"वीस मिनिटांत माझा एक गुडघा येईल. दुसऱ्याला पुढची बस."

मामंजींनी हसू आवरलं, पण चिठ्ठी बदलली नाही. बदलणार तरी काय? त्याआधीची बसच नव्हती. पावणेआठला उतरायचं, वीस मिनिटांत चढायचं, आठ-पाचला दाराशी. पाच मिनिटं हातात. ती पाच मिनिटं मी झोपेतही मोजत असे. पाटा-वरवंट्यापाशी, कपडे वाळत घालताना, डोळे मिटून प्रार्थनेला बसले तरी त्या दोरीवरच्या चिठ्ठ्या माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे हलायच्या, आणि त्यांच्या टोकाला एक दार, दारात अंधार, अंधारात एक हात. मी देवाला एवढंच मागितलं, बाबा रे, आमची बस चुकू देऊ नकोस. आकाश स्वच्छ ठेव हे मागायला विसरले. ते त्याने आपणहून ठेवलं.

शनिवार उजाडला. शनिवारची आमच्याकडे एक पद्धत होती. संध्याकाळी सगळ्यांनी आपापलं मनगटी घड्याळ काढून पितळी तबकात ठेवायचं. मामंजी ती उघडायचे, फुंकर मारून पुसायचे, थांबवून ठेवायचे, आणि सकाळी भिंतीवरच्या घड्याळावरून लावून ज्याचं त्याला द्यायचे. दुकान गेलं तरी हे सोडलं नव्हतं. हात थरथरायचा म्हणून चिमटा टिकटिकच्या हाती असायचा. त्या शनिवारी तबकात चार घड्याळं होती आणि पाचवं मामंजींच्या वडिलांचं, खिशातलं. तेही उद्या बरोबर न्यायचं होतं. म्हणाले, "त्यालाही दाखवून आणू."

जेवणं आटोपली. मी ओटा पुसून देवापुढे बसले. उठताना नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली आणि माझ्या मनात पाप आलं. मी कधी कुणाची चिमूटभर साखर न विचारता घेतली नाही. पण मला दिसले मामंजी, दारात उभे, कवडसा नुकताच गेलेला. मागेपुढे कुणी नाही असं बघून मी काच उघडली, मोठा काटा बोटाने दहा मिनिटं पुढे सारला, काच लावली आणि देवाकडे न बघता झोपायला गेले.

सकाळी मामंजींनी हाक मारली तेव्हा मला वाटलं, आत्ता तर डोळा लागला होता. सासूबाईही जांभई देत म्हणाल्या, "आज झोप चिमणीच्या घासाएवढी झाली." घड्याळात साडेचार होते. मी मनात म्हटलं, खरे चार वीस. भरपूर वेळ आहे.

आणि त्या सकाळी गंमत काय, कुणालाच घाई नाही! एरवी आमच्याकडे कुठे जायचं म्हणजे घरात वादळ. हे मोजे शोधणार, टिकटिक रडणार, सासूबाई पदर खोचून ओरडणार. त्या दिवशी सगळे पाण्यात चालल्यासारखे संथ. सासूबाईंनी वेणी दोनदा घातली. यांनी दाढी करताना चक्क शीळ घातली. मी प्रार्थनेला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. मामंजी तर खुर्चीत बसून चहा असा पीत होते, जणू बस आमच्या दारात उभी राहून वाट बघणार आहे. चिठ्ठ्या एकेक करून उतरत होत्या, पण रेंगाळत. पाच पंचवीसला निघायचं ते पावणेसहा झाले. मी बघितलं, कुणाचाच चेहरा उतरला नव्हता. मला वाटलं, देव सगळ्यांना धीर देतोय.

मामंजींनी पाचही घड्याळं भिंतीवरून लावून दिली आणि आम्ही निघालो.

रस्त्यावर धुकं होतं. दिव्याच्या खांबांभोवती कापसासारखी वलयं. एकाही खिडकीत उजेड नाही.

"सगळी कशी अजून झोपलीत?" टिकटिक कुजबुजली.

"रविवार आहे," सासूबाई म्हणाल्या. "आपल्यासारखी थोडीच सगळी?"

आमच्याच पावलांचा आवाज आम्हाला पुढून येत होता. मामंजींनी सासूबाईंचा हात धरला होता. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि अंधार होता म्हणूनच त्यांनी धरला असेल. मला वाटलं, आपण अजून उठलोच नाही आहोत, स्वप्नातच चाललोय, आणि हे स्वप्न पाचही जणांना एकच पडलंय.

थांब्यावर पोचलो तेव्हा घड्याळात बरोबर सहा. बस नाही, माणूस नाही. बाकावर दव होतं ते पदराने पुसून बसलो.

सहा-पाच झाले. टिकटिक चुळबुळ करायला लागली. सहा-सातला तिच्या डोळ्यांत पाणी. "आई, बस गेली! आपल्याला उशीर झाला!"

"गप गं, येईल," मी म्हणाले, कारण माझ्या हिशेबात सहाला तीन मिनिटं होती. पण सहा-दहा झाले, म्हणजे माझ्या हिशेबाने बरोबर सहा, आणि बस नाही. मी यांच्याकडे बघितलं. हे निवांत. सव्वासहाला हे उठले, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय घाबरायचं? बसा." मामंजी तर डोळे मिटून बसले होते.

तेवढ्यात समोरच्या चहाच्या टपरीचं फळकूट उचललं गेलं. चहावाला डोळे चोळत बाहेर आला, आम्हाला बघून दचकलाच. "कुठे निघालात एवढ्या पहाटे?"

"सहाची बस," हे म्हणाले. "गेली का हो?"

"सहाची? अहो, आत्ता कुठे पाचला दोन कमी आहेत!" त्याने आत डोकावून आपल्या डब्यामागचं घड्याळ परत बघितलं. "हो, पाचला दोन कमी."

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. सहा अठरा. यांचं, सहा अठरा. पाचही घड्याळं अगदी एकमताने सहा अठरा.

चहावाला चुकला असेल असं कुणीच म्हणालं नाही. आकाशच सांगत होतं. सहा अठराला एवढे तारे नसतात. आम्ही सगळे मामंजींकडे बघू लागलो. त्यांनी वडिलांचं घड्याळ कानाला लावलं, उघडलं, मिटलं. त्यांचा हात इतका थरथरायला लागला की साखळी वाजायला लागली.

"हात गेला हे मला ठाऊक होतं," ते हळूच म्हणाले. "डोकंही गेलं, हे आज कळलं. भिंतीवरून पाच घड्याळं लावता येईनात मला. ऐंशी मिनिटं! एवढं तर आमच्या बापाचंही चुकलं नव्हतं."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लहान झालेला. घड्याळजीला घड्याळ लावता आलं नाही, याहून वाईट त्यांना कुणी काही सांगितलं नसतं. लवकर आलो याचा आनंदही त्यांच्या मनाला शिवला नाही.

आणि टिकटिक भोकाड पसरून रडायला लागली. "आजोबा, मी केलं! मी स्टुलावर चढून केलं! सात मिनिटं. दहा करणार होते, पण बाबा आले."

मी उठून उभी राहिले. देव बघत होता, काल बघितलं होतं तसंच. "मामंजी, दहा माझी."

"पंधरा," हे म्हणाले, रस्त्याकडे बघत, शाळेतल्या पोरासारखे.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "माझी वीस. गुडघ्यांची चिठ्ठी कुणी लावली नाही, म्हणून मीच लावली."

चहावाला किटली हातात धरून तसाच उभा. त्यानेच बोटांवर मोजलं. "सात नि दहा सतरा, पंधरा बत्तीस, वीस बावन्न. अहो, मग ऐंशीत अठ्ठावीस कमी पडतात की!"

मग सावकाश, एक एक करत, आमची चौघांची तोंडं मामंजींकडे वळली.

ते बुटाच्या टोकाकडे बघत होते. "अर्धा तास करायचा होता," ते म्हणाले. "हात थरथरला. अठ्ठावीसच झाली."

सासूबाई आधी हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, बाकावर आडव्या झाल्या. "शेहेचाळीस वर्षं! शेहेचाळीस वर्षं गिऱ्हाइकं हाकलली हो यांनी!" मग हे, मग मी, मग रडता रडता टिकटिक. आणि शेवटी मामंजी, डोळे पुसत, खांदे हलवत. चहावाल्याने पाच कप भरले आणि काही केल्या पैसे घेईना. म्हणाला, "एवढ्या सकाळी एवढं हसू मला कधी मिळत नाही."

त्यानेच पुढची सोय केली. पाच-दहाला वर्तमानपत्रांची गाडी त्याच्याकडे चहाला थांबायची आणि डोंगराखालच्या गावापर्यंत जायची. ड्रायव्हरने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आजोबा पुढे बसा. बाकीचे बातम्यांवर."

सासूबाई गठ्ठ्यांवर चढून बसल्या. "जगातली भांडणं आज पहिल्यांदाच माझ्याखाली आली."

तो प्रवास मला सलग आठवत नाही. ओल्या शाईचा वास, सुतळीचे गठ्ठे, मागच्या उघड्या फळीतून मागे मागे जाणारा रस्ता. टिकटिक माझ्या मांडीवर झोपली. गाडी गावागावात थांबायची, एक गठ्ठा खाली पडायचा, आणि आम्ही थोडं खाली यायचो. डोळे मिटले की उजेडाची खोली दिसायची, उघडले की पूर्वेला दुधासारखी एक रेघ. मिटलेलं कुठलं आणि उघडं कुठलं, काही काळ मला कळेना. मी प्रार्थना म्हणत होते, की ती आपोआप होत होती, तेही आठवत नाही. एवढं आठवतं की मागायला काही उरलं नव्हतं.

साडेसहाला आम्ही पायथ्याशी. सासूबाईंच्या गुडघ्यांना हवा तेवढा वेळ मिळाला. दर दहा पायऱ्यांना त्या बसायच्या, मामंजी शेजारी उभे राहायचे, आणि दोघं खालची शेतं बघायची. वर पोचलो तर दाराशी लोकरी टोपी घातलेला रखवालदार आणि चार कॉलेजातली मुलं, आदल्या दिवसापासून मुक्कामाला आलेली, गुडघ्यांवर चित्रांच्या वह्या.

"आत आठच माणसं," रखवालदार म्हणाला. "दालन लहान आहे. बाकीच्यांनी दोरीच्या अलीकडे. ही चार झाली, तुमच्यातले चार."

हे कुणाच्याच चिठ्ठीवर नव्हतं. पावणेआठच्या बसने आलो असतो तर काय झालं असतं, ते थोड्याच वेळात दिसलं. बातमी सगळ्यांनीच वाचली होती. बसमधून आणि इतर गाड्यांतून उतरलेली शंभर-सव्वाशे माणसं पायऱ्यांवर धापा टाकत आली आणि दोरीपाशी थांबली.

पण त्याआधी आमच्यात वाद झाला.

"मी थांबतो," मामंजी म्हणाले. "पोरीला बघू दे."

"थांबा तर खरं!" सासूबाई कडाडल्या. "तुम्ही बाहेर राहिलात तर मी उजेड बघेन, की तुमच्या नावाने खडे फोडेन?"

"मग मीच थांबतो, बाबा," हे म्हणाले.

मी म्हणाले, "माझी कालची वही लिहायची राहिलीये. पापाची नोंद केल्याशिवाय मला आत जाता यायचं नाही." आणि पिशवीतून वही काढून दाराबाहेरच्या दगडावर बसले. मन आत ओढत नव्हतं असं नाही. पण गेले तीन आठवडे डोळे मिटले की मी ती खोली बघत होते. यांनी एकदाही बघितली नव्हती.

मामंजींनी आत जाताना वडिलांचं घड्याळ माझ्या हातात दिलं. त्याआधी ते चहावाल्याच्या वेळेवर लावून घेतलं होतं. म्हणाले, "सूनबाई, तू बाहेरून वेळ बघ."

आठ-पाच. आठ-सात. मी वही मिटली. इतकी शांतता पडली की दोरीमागची शंभर माणसं श्वास धरून उभी आहेत हे कळत होतं. मी नकळत उठून दाराकडे तोंड करून उभी राहिले, हात जोडून, डोळे मिटून.

"बाई," रखवालदार हलकेच म्हणाला, "सरका. उजेड अडतोय."

माझ्या पाठीवर ऊन आलं होतं. मी बाजूला झाले, आणि माझ्या खांद्यावरून निसटून तो कवडसा जमिनीलगत आत गेला. मी फक्त जाताना बघितला त्याला. घड्याळात आठ-दहा.

ते बाहेर आले तेव्हा मी एकेकाला विचारलं. टिकटिक म्हणाली, "हातावर बसला, आई. पाखरू बसतं तसा." हे म्हणाले, "पाच मिनिटं चाळीस सेकंद," आणि नाक शिंकरलं. सासूबाई म्हणाल्या, "मला काही माहीत नाही बाई. मी यांचं तोंड बघत होते."

मामंजींनी फक्त वडिलांचं घड्याळ माझ्याकडून परत घेतलं. बस निम्म्या वाटेवर आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सूनबाई, तो थरथरतो गं."

"कोण, मामंजी?"

"कवडसा. दारापुढे झाड आहे ना, त्याची पानं हलतात. तळहातावर आला आणि असा थरथरत होता." त्यांनी आपला हात गुडघ्यावरून उचलून माझ्यापुढे धरला. "अगदी असा. इतक्या वर्षांत एकदा वेळ चुकला नाही, आणि थरथरतो."

मग त्यांनी हात परत गुडघ्यावर ठेवला, आणि थरथरू दिला. एरवी ते दुसऱ्या हाताने दाबून धरायचे.

घरी आल्यावर सगळ्यांच्या देखत त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडली. वडिलांचं घड्याळ शेजारी धरलं, लंबक थांबवला, काटे फिरवले. टिकटिक मोजत होती. मामंजींनी बोट काढलं तेव्हा ती ओरडली, "आजोबा, अजून पाच मिनिटं राहिलीत!"

"राहू देत," ते म्हणाले. लंबकाला झोका दिला, काच लावली आणि चहा मागितला.

मामंजींना जाऊन आता आठ वर्षं झाली. सासूबाईंना सहा. टिकटिक परगावी असते. रोज सकाळी मी घड्याळात बघते, सगळं आवरून झालेलं असतं, आणि अजून पाच मिनिटं शिल्लक असतात. तेवढा वेळ मी देवापुढे नुसती बसते, काही मागत नाही.